‘हेला’ : एका तीव्रतावाचक शब्दाच्या अर्थांचा आणि उगमाचा आढावा

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती वसलेल्या ओकलंड, बर्कली, रिचमंड, सॅन होजे या शहरांत, ‘फार’, ‘खूप’, ‘अतिशय’ या अर्थांनी ‘हेला’ हा इंग्रजी बोलीशब्द गेली सुमारे पन्नास वर्षे वापरात आहे. एखादी वस्तू ‘हेला गुड’ असते, रस्त्यावर ‘हेला पीपल’ जमलेले असतात आणि एखाद्याची आठवण ‘हेला’ येऊ शकते. म्हणजे गुणाची तीव्रता, वस्तूंची विपुलता आणि क्रियेचा जोर ही तिन्ही कामे हा एकच शब्द करतो. शाळकरी मुलांच्या तोंडचा उथळ शब्द म्हणून त्याची दीर्घकाळ उपेक्षा झाली, परंतु गेल्या काही दशकांत भाषावैज्ञानिकांनी त्याच्याकडे गंभीरपणे पाहिले. तो कोठून आला, कोणी घडवला आणि त्याचे व्याकरण नेमके काय आहे, या प्रश्नांची उत्तरे शोधताना भाषेत नवे शब्द कसे जन्मतात आणि त्यांचे श्रेय कोणाच्या पदरी पडते, याविषयीही बरेच काही हाती लागते.

‘हेला’ ज्या शब्दवर्गात मोडतो त्याला तीव्रतावाचक शब्दांचा वर्ग म्हणतात. विशेषणाने किंवा क्रियापदाने सांगितलेल्या गोष्टीचे प्रमाण वाढवून सांगणे हे या शब्दांचे काम असते आणि कोणत्याही भाषेच्या शब्दसंग्रहातला हा सर्वांत अस्थिर भाग मानला जातो. जोर देणारा शब्द सतत वापरला की त्याचा जोर ओसरतो आणि बोलणाऱ्याला नव्या शब्दाची गरज भासते, हे त्यामागचे कारण आहे. डच अभ्यासक कॉर्नेलिस स्टॉफेल यांनी १९०१ मध्येच इंग्रजीतील अशा शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९७२ मध्ये अमेरिकन भाषावैज्ञानिक ड्वाइट बोलिंजर यांनी ‘डिग्री वर्ड्स’ या पुस्तकात त्यांचा सविस्तर विचार केला. प्राचीन इंग्रजीत ‘स्विद’ हा प्रमुख तीव्रतावाचक शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ ‘बळाने’ असा होता. मध्ययुगात तो मागे पडून ‘वेल’, ‘फुल’, ‘राइट’ हे शब्द पुढे आले आणि त्यानंतर ‘व्हेरी’ने त्यांची जागा घेतली. ‘व्हेरी’ हा लॅटिनमधील ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला असून चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, त्याचा ‘खरा’ हा अर्थ अजून जिवंत होता. आज ‘व्हेरी’ची जागा घेऊ पाहणारा ‘रिअली’ हा शब्दही ‘खरोखर’ याच अर्थापासून निघाला आहे, यावरून भाषा एकाच विहिरीवर पुन्हा पुन्हा पाणी भरायला जाते असे म्हणावे लागते.

या बदलांची चीडही तितकीच जुनी आहे. १७५४ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी ‘द वर्ल्ड’ या नियतकालिकात लंडनमधील फॅशनेबल स्त्रियांच्या ‘व्हास्टली’ या शब्दावर टीका केली. ‘विशाल’ या अर्थाचा हा शब्द लहानशा तपकिरीच्या डबीचे लहानपण सांगण्यासाठीही वापरला जावा, ही विसंगती त्यांना खटकली होती. त्यांची भाषिक नोंद अचूक होती, परंतु तिच्यामागचा नियम त्यांच्या लक्षात आला नव्हता. शब्द तीव्रतावाचक होतो तेव्हा त्याचा मूळ अर्थ पातळ होत जाऊन अखेरीस केवळ ‘प्रमाण जास्त’ एवढाच अर्थ शिल्लक राहतो. भाषाविज्ञानात या प्रक्रियेला अर्थक्षय म्हणता येईल. इंग्रजीत ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ या शब्दांतून भीती अशीच निघून गेली. मराठी वाचकाला ही प्रक्रिया अनोळखी वाटण्याचे कारण नाही, कारण ‘भयंकर आवडले’ असे म्हणताना मराठी भाषकाच्या मनात भय नसते, फारसीत ‘चांगले’ असा अर्थ असलेला ‘खूब’ मराठीत ‘खूप’ होऊन केवळ विपुलता सांगतो आणि ‘वरचढ हात’ या मूळ कल्पनेतून आलेला ‘जबरदस्त’ हा शब्द आता जेवणालाही लावला जातो.

तीव्रतेचे शब्द घडवताना इंग्रजीने धर्म, शाप आणि निषिद्ध विषय यांचा विशेष उपयोग करून घेतला आहे. जे उच्चारू नये असे समाज मानतो त्यात भावनेचा दाब साठलेला असतो आणि तो दाब बोलणाऱ्याला आयताच मिळतो. १९१४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ रंगभूमीवर आले, तेव्हा नायिकेच्या तोंडी असलेल्या ‘ब्लडी’ या तीव्रतावाचक शब्दाने मोठी खळबळ उडाली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे मराठी रसिकांना परिचित असलेल्या या नाटकातला तो शब्द आज ब्रिटनमध्ये फारसा कोणालाही धक्का देत नाही. ‘हेला’च्या मुळाशी असलेला ‘हेल’, म्हणजे नरक, हा शब्दही याच वाटेने गेला आहे. त्याचे जर्मानिक मूळ ‘झाकलेली, लपलेली जागा’ अशा अर्थाचे आहे, नॉर्स पुराणकथांत मृतांच्या लोकाला आणि त्याच्या स्वामिनीला ‘हेल’ हेच नाव आहे, आणि ख्रिस्ती धर्म उत्तर युरोपात पसरल्यावर तो शब्द पाप्यांच्या यातनास्थानासाठी वापरला जाऊ लागला.

या नरकातून तीव्रतेकडे येणारा मधला टप्पा म्हणजे ‘हेल ऑफ अ’ ही शब्दरचना होय. ‘अ हेल ऑफ अ डे’ याचा शब्दशः अर्थ ‘दिवस कसला, नरकच’ असा होतो. इंग्रजीत अशी रचना इतर नामांबरोबरही चालते आणि तिच्यात पहिले नाम दुसऱ्या नामाचे वर्णन करते. ही रचना निदान अठराव्या शतकापासून आढळते. प्रारंभी ती वाईट गोष्टींपुरतीच होती, परंतु पुढे ती स्तुतीसाठीही वापरली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उच्चारानुसार ‘हेलुवा’ असे जोडलेखन रूढ झाले होते आणि जॉर्जिया टेक या अभियांत्रिकी संस्थेच्या गीतात ते अभिमानाने अभियंत्याला लावलेले आहे. नरक हा शब्द प्रशंसेत वापरता येऊ लागला, म्हणजे अर्थक्षय तोपर्यंत बराच पुढे गेला होता. मात्र ‘हेलुवा’ला व्याकरणाचे एक बंधन होते : त्याच्यानंतर नाम यावे लागते. दिवस ‘हेलुवा’ असू शकतो, परंतु एखादी गोष्ट नुसती ‘हेलुवा गुड’ असू शकत नाही. ‘हेला’ने हे बंधन तोडले, आणि ते कसे तुटले हा व्युत्पत्तीच्या वादातील खरा मुद्दा आहे.

या संदर्भात तीन मते मांडली जातात. एका मतानुसार ‘हेलुवा’चा उच्चार घासून ‘हेला’ झाला. दुसऱ्या मतानुसार ‘प्रचंड’, ‘भीषण’ अशा अर्थाचा ‘हेलेशस’ हा अमेरिकन बोलीशब्द आखडून तो बनला. तिसऱ्या मतानुसार ‘हेल ऑफ’ या दोन शब्दांतील ‘ऑफ’ दुर्बल होऊन तो तयार झाला. दुसरे मत फारसे टिकणारे नाही, कारण ‘हेलेशस’ हे विशेषण आहे, ते परिमाणवाचक म्हणून येत नाही आणि त्याचे शेवटचे अक्षर गळाल्याचे मधले टप्पे दाखवता येत नाहीत. पहिले मत लोकप्रिय असले तरी त्यात ‘हेलुवा’मधील ‘अ’ हे एकवचनी उपपद आड येते : ‘पीपल’ या अनेकवचनी नामाच्या आधी ते बसूच शकत नाही. तिसरे मत या अडचणीतून सुटते. ‘अ हेल ऑफ अ लॉट ऑफ पीपल’, म्हणजे ‘प्रचंड संख्येने लोक’, या लांबलचक रचनेचा संक्षेप होऊन ‘हेल ऑफ पीपल’ आणि त्यातून ‘हेला पीपल’ असा क्रम त्यात सहज लागतो. उपसागराच्या परिसरात ‘हेल ऑफ’ हे पूर्ण रूप ‘हेला’च्या जोडीने वापरले जाते, आणि ते विशेषणाआधीही येते, ही गोष्ट या मताच्या बाजूने सर्वांत जड पुरावा आहे.

इंग्रजीच्या इतिहासात या वाटेचे दाखलेही आहेत. ‘काइंड ऑफ’ याचा मूळ अर्थ ‘अमुक प्रकारचा’ असा. त्यात ‘काइंड’ हे नाम आणि ‘ऑफ’ हे संबंधदर्शक अव्यय आहे. बोलण्याच्या ओघात ऐकणाऱ्यांनी या दोन शब्दांना एकच शब्द मानले आणि त्यातून ‘काहीसा’, ‘थोडाफार’ या अर्थाचा ‘काइंडा’ तयार झाला, जो आता विशेषणांना आणि क्रियापदांनाही लागतो. ‘सॉर्टा’ची गोष्टही हीच आहे. शब्दांची बाहेरची मांडणी तशीच राहते, परंतु भाषक तिची अंतर्गत विभागणी नव्याने करतात. या प्रक्रियेला पुनर्विश्लेषण म्हणतात. ‘हेला’ हे पुनर्विश्लेषणाचे स्वच्छ उदाहरण आहे, आणि म्हणूनच त्याला भाषेची मोडतोड म्हणणारे लोक दररोज ‘काइंडा’ वापरताना स्वतःवरच आक्षेप घेत असतात.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘हेला’ची मोकळीक असामान्य आहे. ‘व्हेरी’ विशेषणाला आणि क्रियाविशेषणाला लागतो, पण नामाला नाही. ‘मेनी’ नामाला लागतो, पण विशेषणाला नाही. क्रियापदाला जोर देण्यासाठी पुन्हा वेगळा शब्द लागतो. ‘हेला’ या सर्व ठिकाणी बसतो. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील भाषावैज्ञानिक रशेल वॅक्सलर यांनी एका लेखात त्याच्या या वाक्यरचनात्मक वर्तनाचा अभ्यास करून त्याला एका नव्या प्रकारचा विशेषक मानले. त्यातून असे दिसते की ‘हेला’ हा एखाद्या जुन्या शब्दाच्या जागी आलेला चमकदार पर्याय नसून त्याने एका व्याकरणिक जागेची व्याप्ती वाढवली आहे. न्यू इंग्लंडचा ‘विकेड’, न्यूयॉर्कचा ‘मॅड’, उत्तर इंग्लंडचा ‘डेड’ किंवा ग्लासगोचा ‘प्युअर’ हेही प्रादेशिक तीव्रतावाचक शब्द आहेत. त्यांच्यापैकी ‘मॅड’ नामांना आणि विशेषणांना दोन्हींना लागत असल्याने तो ‘हेला’च्या सर्वांत जवळचा ठरतो. हे दोन्ही शब्द प्रामुख्याने शहरी आफ्रिकन अमेरिकन तरुणांच्या बोलीतून इतरत्र गेले, हा निव्वळ योगायोग नसावा.

उगमस्थानाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. बहुतेक अभ्यासक ‘हेला’चा उगम १९७०च्या दशकात उपसागराच्या पूर्व काठावर, प्रामुख्याने ओकलंडमधील आफ्रिकन अमेरिकन बोलीत मानतात. हा समाज तेथे कसा आला हे पाहिल्याशिवाय त्या विधानाचा अर्थ पुरता कळत नाही. १९४० मध्ये ओकलंडमध्ये सुमारे ८,५०० कृष्णवर्णीय रहिवासी होते आणि १९५० मध्ये ही संख्या सुमारे ४७,५०० झाली. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या रिचमंडमध्ये कैसर कंपनीच्या जहाजबांधणीच्या गोद्या उभ्या राहिल्या, ओकलंडच्या बंदराला आणि लष्करी आगारांना मजूर हवे होते, आणि लुइझियाना, टेक्सस, आर्कान्सॉ या दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कुटुंबे वंशभेदाच्या जाचातून सुटण्यासाठी आणि रोजगारासाठी पश्चिमेला आली. त्यांनी दक्षिणेची बोली बरोबर आणली आणि त्यांची मुले, नातवंडे ओकलंडच्या शाळांत व गल्ल्यांत वाढली. त्याच शहरात १९६६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, त्यानंतरच्या पिढीने तेथेच आपले संगीत आणि आपली भाषा घडवली, आणि टू शॉर्टसारख्या ओकलंडच्या व ई-फॉर्टीसारख्या व्हॅलेहोच्या रॅप कलावंतांनी पुढे उपसागराच्या परिसराची बोली देशभर ऐकवली.

छापील पुराव्यांकडे पाहिले तर मात्र चित्र वेगळे दिसते. ‘हेला’चे छापील दाखले १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळू लागतात, आणि केवळ त्यांच्या आधारे शब्दाचे वय ठरवले तर तो किमान एका दशकाने तरुण ठरतो. कोशकाराला कागदावरचा पुरावा लागतो आणि ती त्याच्या शिस्तीची गरज आहे, हे मान्य केले तरी हा पुरावा निष्पक्ष नसतो. ज्या समाजाचे बोलणे वृत्तपत्रांच्या आणि प्रकाशकांच्या दृष्टीने लिहिण्याजोगे नव्हते, त्याचे शब्द कागदावर उशिरा पोहोचतात, आणि पोहोचतात तेव्हा बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तोंडून पोहोचतात. शब्द गोऱ्या मध्यमवर्गीय किशोरांपर्यंत गेला की तो ‘तरुणांचा शब्द’ किंवा ‘कॅलिफोर्नियाचा शब्द’ म्हणून नोंदवला जातो. ‘हेला’च्या बाबतीत हेच घडले.

समाजातील त्याच्या स्थानाचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मेरी बुकोल्ट्झ या भाषावैज्ञानिक विदुषीने केला. १९९०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी उपसागराच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत दीर्घ क्षेत्रकार्य केले आणि तेथे ‘हेला’ वेगवेगळ्या वांशिक व सामाजिक गटांतील विद्यार्थ्यांत सर्रास वापरला जात असल्याचे त्यांना आढळले. त्याच शाळेतील अभ्यासू मुलींच्या एका गटावर त्यांनी १९९९ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. त्या मुली प्रचलित बोलीशब्द जाणीवपूर्वक टाळून आपले वेगळेपण दाखवीत होत्या. शब्द कोण वापरतो याइतकेच तो कोण टाळतो हेही अर्थपूर्ण असते, हे या अभ्यासातून समजते. पुढे २००७ मध्ये बुकोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना राज्याचा कोरा नकाशा देऊन कोणत्या भागात लोक कसे बोलतात ते लिहायला सांगितले. सामान्य भाषकांच्या मनातील बोलींचा नकाशा शोधणाऱ्या या पद्धतीला धारणाधिष्ठित बोलीशास्त्र म्हणतात. विद्यार्थ्यांनी राज्याची विभागणी प्रामुख्याने उत्तर आणि दक्षिण अशी केली आणि उत्तरेची खूण म्हणून सर्वाधिक वेळा जो शब्द लिहिला तो ‘हेला’ होता. दक्षिणेकडील अनेकांना तो कानाला खटकणारा वाटत होता. उत्तरेकडील लोकांसाठी तो आपल्या भूमीचा शब्द होता. एकाच राज्यात एवढ्या लहान शब्दाने सीमारेषा आखावी, हे बोलीच्या अभ्यासकांना फार मोलाचे वाटले.

नरकाची आठवण मात्र शब्दातून पूर्णपणे पुसली गेलेली नाही. लहान मुलांना आणि धार्मिक घरांतील मुलांना ‘हेला’ म्हणण्याची मनाई असते, म्हणून त्यांच्यासाठी ‘हेका’ असा सौम्य पर्याय तयार झाला. ‘हेल’ऐवजी ‘हेक’ म्हणण्याची इंग्रजीतील जुनी सवय तेथे उपयोगी पडली. उपसागराच्या परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुलेही तेथील शाळांत वाढतात आणि हे दोन्ही शब्द त्यांच्या कानावर पडतात.

उपसागराच्या बाहेर ‘हेला’ झपाट्याने पसरला तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस. १९९८ मध्ये ‘साउथ पार्क’ या व्यंगचित्र मालिकेच्या एका भागात एक पात्र तो सतत वापरून सर्वांना हैराण करते, आणि २००२ मध्ये ‘नो डाउट’ या वाद्यवृंदाचे ‘हेला गुड’ हे गाणे देशभर वाजले. हा वाद्यवृंद दक्षिण कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइमचा होता, म्हणजे उत्तरेची खूण मानला गेलेला शब्द दक्षिणेच्या गायकांनी जगाला ऐकवला. २०१० मध्ये डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने एकावर २७ शून्ये या संख्येसाठी आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ‘हेला’ हा उपसर्ग स्वीकारावा अशी मोहीम उघडली. १९९१ मध्ये एकावर २४ शून्यांसाठी ‘योटा’ हा उपसर्ग ठरवण्यात आला होता आणि त्यापुढचे स्थान रिकामे होते. ‘हेला’ हा उपसर्ग लावला असता तर पृथ्वीचे वस्तुमान सुमारे सहा हेलाग्रॅम झाले असते. गुगलने आपल्या गणकयंत्रात २०१० मध्येच तो समाविष्ट केला. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने त्या स्थानासाठी ‘रोना’ आणि एकावर ३० शून्यांसाठी ‘क्वेटा’ हे उपसर्ग निश्चित केले. अधिकृत पद्धतीला नव्या उपसर्गांच्या चिन्हांसाठी अजून न वापरलेली अक्षरे निवडावी लागतात, त्यामुळे हा निर्णय अपेक्षितच होता; तरीही एका बोलीशब्दाला हजारो लोकांनी विज्ञानाच्या परिभाषेत मानाचे स्थान मागावे, यातून त्या प्रदेशाला त्याविषयी वाटणारी आपुलकी दिसते.

‘हेला’चे पुढे काय होईल हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचा अंदाज इतर तीव्रतावाचक शब्दांच्या अभ्यासांतून येतो. इंग्लंडमधील यॉर्कच्या बोलीवर रिका इतो आणि सॅली टॅग्लिआमोंटी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांमध्ये ‘व्हेरी’ आणि तरुणांमध्ये ‘रिअली’ प्रबळ असल्याचे आढळले, आणि टॅग्लिआमोंटी यांनी ख्रिस रॉबर्ट्स यांच्यासह ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील संवादांच्या केलेल्या मोजणीत ‘सो’ आघाडीवर असल्याचे दिसले. जुने तीव्रतावाचक शब्द पूर्णपणे मरत नाहीत, ते एकमेकांवर थर चढवून राहतात आणि काही वेळा पुन्हा वर येतात, असा या अभ्यासांचा निष्कर्ष आहे. ‘हेला’ वापरणारी पहिली पिढी आता साठीच्या आसपास आहे आणि तिने तो सोडलेला नाही, त्यामुळे तो केवळ वयाबरोबर गळून पडणारा शब्द नाही एवढे तरी आज म्हणता येते.

उपलब्ध पुराव्यांचे वजन पाहता निर्णय असा द्यावा लागतो की ‘हेला’ हा ‘हेल ऑफ’ या रचनेच्या पुनर्विश्लेषणातून घडला, त्याचे पहिले काम बहुधा विपुलता सांगण्याचे होते आणि गुणाची तीव्रता सांगण्याचे काम त्याला नंतर मिळाले. त्याचे घडणे दक्षिणेतून आलेल्या कामगारांच्या ओकलंडमधील वंशजांनी साधले. कोशांनी त्याच्या नोंदीत ‘कॅलिफोर्निया’ किंवा ‘तरुणांची बोली’ एवढेच लिहून थांबणे अपुरे आहे; तेथे ओकलंडच्या आफ्रिकन अमेरिकन समाजाचे नाव स्पष्टपणे यायला हवे.